रोरी गॅलहरचे चौदा अल्बम आणि आमची क्रमवारी

रोरी गॅलहरच्या अल्बमांची क्रमवारी लावायचे आम्ही सहा मित्रांनी ठरवले, तेव्हा पहिला वाद झाला तो कोणते अल्बम धरायचे आणि कोणते वगळायचे यावरूनच. आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातल्या बॅलीशॅनन या गावी १९४८ साली जन्मलेला, कॉर्क शहरात वाढलेला आणि १९९५ साली वयाच्या ४७ व्या वर्षी लंडनमध्ये वारलेला हा रॉक आणि ब्लूजचा गिटारवादक आपल्याकडे एरिक क्लॅप्टन किंवा गॅरी मूर यांच्याइतका ऐकला जात नाही. परंतु ज्याच्या कानात तो एकदा शिरला, त्याच्या कानातून तो सहसा बाहेर पडत नाही. त्याच्या हयातीत, त्याच्या स्वतःच्या नावाने चौदा अल्बम निघाले. त्यांपैकी अकरा स्टुडिओतले आणि तीन प्रत्यक्ष कार्यक्रमांतले आहेत. त्याआधी ‘टेस्ट’ या त्रिकुटाबरोबर १९६९ आणि १९७० साली निघालेले दोन स्टुडिओ अल्बम आहेत, आणि मृत्यूनंतर निघालेल्या संग्रहांची तर रीघच आहे.

‘टेस्ट’चे अल्बम बाजूला ठेवायला फारसा विरोध झाला नाही, कारण तो एका बँडचा हिशेब होता. खरा प्रश्न होता १९७७ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत एलियट मेझर या निर्मात्याबरोबर ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बमचा. रोरीला त्याचे मिक्सिंग पटले नाही, म्हणून त्याने तो प्रसिद्धच होऊ दिला नाही. पुढे २०११ साली तो लोकांपर्यंत पोहोचला. आमच्यातला जो मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम करतो, त्याचे म्हणणे असे की आज तो ऐकायला मिळतो, तर मोजायलाही हवा. मी त्याच्या ठाम विरोधात होतो आणि अजूनही आहे. जे काम कलावंताने स्वतः विचारपूर्वक मागे घेतले, ते आवडीने अवश्य ऐकावे. मात्र त्याच्या इतर कामांशेजारी ठेवून त्याला गुण देणे मला न्याय्य वाटत नाही. अखेर चौदाच धरायचे ठरले.

पद्धत साधी होती. प्रत्येकाने चौदाही अल्बमांचा आपापला क्रम लावायचा. पहिल्या स्थानाला चौदा गुण, दुसऱ्याला तेरा, असे करत शेवटच्याला एक गुण द्यायचा आणि सर्वांची बेरीज करायची. त्याला आम्ही दोन अटी जोडल्या. प्रत्येक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मूळ तबकडीच्या क्रमाने, मध्ये न थांबता ऐकायचा. आणि नंतरच्या आवृत्त्यांत जोडलेली जादा गाणी हिशेबात घ्यायची नाहीत. ही दुसरी अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण अल्बम कुठे संपतो हाही त्याच्या रचनेचाच भाग असतो. ‘टॅटू’ हा अल्बम ‘अ मिलियन माइल्स अवे’नंतर ‘अ‍ॅडमिट इट’ने संपतो. त्याच्या पुढे आणखी दोन गाणी चिकटवली, की त्या शेवटाचा कस निघून जातो.

ऐकायला सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येकाने आठवणीतून एक कच्ची यादी करून माझ्याकडे दिली होती. त्या याद्या पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली. जवळजवळ सगळ्यांनी वर ठेवलेले अल्बम हे गिटारच्या पराक्रमासाठी लक्षात राहिलेले होते: ‘आयरिश टूर ’७४’, ‘लाइव्ह इन युरोप’, ‘ड्यूस’, ‘टॉप प्रायॉरिटी’. हे स्वाभाविकही होते. रोरीची कीर्तीच मुळी त्याच्या हातातल्या त्या रंग उडालेल्या १९६१ च्या स्ट्रॅटोकॅस्टरशी जोडलेली आहे. कॉर्कमधल्या क्रॉली यांच्या दुकानातून १९६३ साली शंभर पौंडांना घेतलेली ती गिटार त्याने जन्मभर वाजवली. १९७१ साली ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला गिटारवादकांत अग्रस्थान दिले, तेही गिटारसाठीच. प्रश्न असा होता की आपण गिटारवादकाला गुण देत आहोत की अल्बमला. आणि हा प्रश्न आम्हाला शेवटपर्यंत सोडून गेला नाही.

ऐकणे सालवार केले. १९७१ चा पहिला अल्बम आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला ‘ड्यूस’ हे दोन्ही मुख्यतः गेरी मॅकव्हॉयची बेस गिटार आणि विल्गर कॅम्पबेलचे ड्रम्स यांच्या साथीवर उभे आहेत, पण दोघांचा पिंड वेगळा आहे. पहिला अल्बम निगुतीने केलेला आहे. त्यात ‘जस्ट द स्माइल’सारखे ध्वनिक गिटारवरचे नाजूक गाणे आहे आणि ‘कान्ट बिलीव्ह इट्स ट्रू’मध्ये रोरीने स्वतः सॅक्सोफोन वाजवला आहे. ‘ड्यूस’ लंडनच्या डॉल्स्टन भागातल्या टँजरीन स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, आणि कार्यक्रमाची धग अंगात असतानाच वाजवावे म्हणून रोरी अनेकदा कार्यक्रमाच्या आधी किंवा लगेच नंतर स्टुडिओत जात असे. ती धग ऐकू येते. ‘क्रेस्ट ऑफ अ वेव्ह’मध्ये स्लाइड गिटार येते, तेव्हा गाण्याचा तोल जातो की काय असे क्षणभर वाटते, आणि मॅकव्हॉयची बेस त्याला सावरून धरते. आमच्यातल्या दोघांनी ‘ड्यूस’ला थेट पहिले स्थान दिले. बाकीच्यांचे म्हणणे असे होते की ‘आय ॲम नॉट अवेक यट’ आणि ‘क्रेस्ट ऑफ अ वेव्ह’ ही दोन गाणी सोडली, तर बाकीची काही गाणी अर्धवट लिहून वाजवायला घेतल्यासारखी वाटतात.

१९७२ साली ड्रम्सवर रॉड डीॲथ आणि की-बोर्डवर लू मार्टिन आले आणि बँडचा नाद बदलला. या बदलाचे वजन मला आधी इतके जाणवले नव्हते जितके सलग ऐकताना जाणवले. आमच्या गटात एकजण हौसेने ड्रम्स वाजवतो. त्याने ‘ब्लूप्रिंट’मधले ‘वॉक ऑन हॉट कोल्स’ लागल्यावर आम्हा सर्वांना गिटारकडे लक्ष न देता फक्त डीॲथकडे ऐकायला लावले. डीॲथचा ठेका सरळ चालत नाही, तो सतत किंचित पुढे झेपावतो, आणि त्यामुळे रोरीला मागे रेलून वाजवायला जागा मिळते. एकदा हे कानावर आले की १९७३ ते १९७६ या काळातल्या अल्बमांना एक वेगळाच अर्थ येतो.

‘टॅटू’वर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो मला सार्थकी लागलेला वाटतो. १९७३ साली ‘ब्लूप्रिंट’ येऊन काही महिने होतात न होतात तोच हा अल्बम आला, आणि त्यात रोरी गीतकार म्हणून एकदम वयात आल्यासारखा वाटतो. ‘टॅटूड लेडी’ हे जत्रेत खेळ करणाऱ्या माणसांवरचे गाणे आहे. गावोगाव फिरणाऱ्या त्या माणसांना निवेदक आपले कुटुंब म्हणतो, आणि आयुष्यभर रस्त्यावर राहिलेल्या वादकाचे ते आत्मकथन आहे हे सांगावे लागत नाही. ‘अ मिलियन माइल्स अवे’मध्ये माणसांनी गजबजलेला हॉटेलातला बार आहे, पियानोवाला रंगात आला आहे, आणि निवेदक त्या सगळ्यापासून दूर, वाऱ्यावर वाहत जाणाऱ्या ओंडक्यासारखा आहे. पुढच्या कडव्यात तोच बार रिकामा झालेला असतो, पियानोवाला शेवटच्या बसने घरी गेलेला असतो आणि निवेदक मात्र अजून तिथेच असतो. काहीही न घडणारे हे गाणे आहे आणि ते इतके नेमके लिहिलेले आहे की त्यातला एक शब्द हलवता येणार नाही.

हेच गाणे ‘आयरिश टूर ’७४’मध्येही आहे. ‘टॅटू’मध्ये ते साधारण सात मिनिटांचे आहे, कार्यक्रमात साडेनऊच्या आसपास जाते. स्टुडिओत एकटेपणा आवाजात आहे, शब्दांत आहे. कार्यक्रमात तो गिटारमध्ये गेला आहे. रोरी ध्वनी कमी करत करत एका ठिकाणी असा येतो की गिटारचा आवाज कुजबुजीइतका उरतो, आणि समोर बसलेला भरगच्च जनसमुदाय श्वास रोखून गप्प असल्याचे आपल्याला ऐकू येते. ग्रामोफोनच्या तबकडीवरची तीन मिनिटांची चीज आणि तीच चीज रंगलेल्या मैफलीत, यांतला फरक आपल्या श्रोत्यांना नवा नाही; पण इथे अडचण अशी की दोन्हींना एकाच मापाने गुण द्यायचे होते.

त्यावरून मोठा वाद झाला. ‘टॅटू’ला वर ठेवणाऱ्यांचे म्हणणे असे की कार्यक्रमाच्या अल्बमची बरीचशी पुण्याई आधीच्या अल्बमांतून उसनी आलेली असते, ‘टॅटूड लेडी’, ‘क्रेडल रॉक’, ‘हूज दॅट कमिंग’ ही सगळी गाणी ‘टॅटू’ने दिली नसती, तर ‘आयरिश टूर’ कशावर उभा राहिला असता? कॉर्कमध्ये नोकरी करणारा आमचा मराठी मित्र फोनवरून यात सहभागी होता. त्या शहरात रोरीच्या नावाचा चौक आहे, आणि तो त्याच्या रोजच्या रस्त्यावर असल्याने त्याचा अभिमान जरा जास्त होता. तो म्हणाला, “अरे, तुम्ही गाणी मोजताय. तो अल्बम कुठे आणि कधी झाला ते मोजा ना!” त्याचे म्हणणे खरे होते. जानेवारी १९७४ मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क या तीन शहरांत ते कार्यक्रम झाले. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बाँबस्फोट आणि गोळीबार नित्याचे झाले होते आणि बाहेरचे बहुतेक बँड बेलफास्टला जायला धजत नव्हते. रोरी मात्र जात राहिला. बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही समाजांची तरुण मुले एकत्र बसून त्याला ऐकत असत. त्या अल्बममध्ये श्रोत्यांचा जो प्रतिसाद ऐकू येतो तो केवळ टाळ्यांचा आवाज नाही, हे समजून घेतल्याशिवाय त्याला गुण देता येत नाहीत.

तरीही केवळ इतिहासासाठी गुण देणे मला मान्य नव्हते, आणि सुदैवाने त्याची गरजही पडली नाही. ‘अ‍ॅज द क्रो फ्लाइज’ हे टोनी जो व्हाइटचे गाणे रोरी तिथे धातूच्या नॅशनल गिटारवर आणि माउथ ऑर्गनवर एकटाच सादर करतो. बँड गप्प आहे, विजेची गिटार बाजूला ठेवलेली आहे, आणि तरी त्या सहाएक मिनिटांत ब्लूजविषयी त्याला जे काही म्हणायचे आहे ते सगळे येऊन जाते. त्या गाण्यासाठी मी ‘आयरिश टूर’ला ‘टॅटू’च्या वर ठेवले नाही, पण ज्यांनी ठेवले त्यांच्याशी भांडायचेही सोडून दिले.

त्यानंतर आमच्यातल्या नाशिकच्या मित्राने एक कसोटी सुचवली. तो गिटार शिकवतो. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक अल्बममधली काही गाणी आपण घेऊ, मी ती साध्या ध्वनिक गिटारवर फक्त स्वरसंगती धरून म्हणेन, सोलो, म्हणजे गिटारचे मधले एकल वादन, अजिबात वाजवणार नाही, आणि मग गाणे उरते का ते पाहू. त्याने पहिल्यांदा ‘कॉलिंग कार्ड’मधले ‘एज्ड इन ब्लू’ म्हटले. आवाज बेताचा, मागे पंख्याची घरघर, आणि तरी गाणे पूर्ण उभे राहिले. उलट त्यातली चाल किती मोकळी आणि किती दुःखी आहे हे त्याच्या तोंडून जास्त कळले. मग ‘आय विल अ‍ॅडमिट यू आर गॉन’, मग ‘टॅटूड लेडी’, मग ‘डॉटर ऑफ द एव्हरग्लेड्स’. सगळी टिकली. ‘टॉप प्रायॉरिटी’कडे वळल्यावर मात्र त्याने दोनदा सुरुवात करून गिटार खाली ठेवली. ‘बॅड पेनी’ टिकले, पण बाकीच्या अनेक गाण्यांत विजेच्या गिटारची गुरगुर काढून घेतली की हातात काही राहत नव्हते.

‘टॉप प्रायॉरिटी’ची बाजूही मांडायला हवी. १९७८ साली डीॲथ आणि मार्टिन गेल्यावर रोरी पुन्हा त्रिकुटावर आला, ड्रम्सवर टेड मॅकेना आला आणि संगीत हार्ड रॉककडे झुकले. ‘फोटो-फिनिश’ आणि १९७९ चा ‘टॉप प्रायॉरिटी’ या दोन्हींत जोर आहे, आणि ‘शॅडो प्ले’ तर कोणत्याही काळातल्या रोरीला शोभावे असे गाणे आहे. ‘फिल्बी’मध्ये, किम फिल्बी या दुहेरी हेराविषयीच्या त्या गाण्यात, इलेक्ट्रिक सितारचा झणकार येतो, ते वाद्य म्हणजे खरे तर झंकारणारी घोडी बसवलेली गिटारच, पण हेराच्या दुटप्पी आयुष्याला तो धूसर नाद फार चपखल बसतो. कार्यक्रमातल्या ‘स्टेज स्ट्रक’ या १९८० च्या अल्बममध्ये हाच जोर इतका वाढतो की गाण्यांमधला मोकळा श्वास हरवतो. आमच्या क्रमवारीत तो तेरावा आला आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

बेरीज केल्यावर ‘आयरिश टूर ’७४’ पहिला आला, ‘टॅटू’ अगदी थोड्या गुणांनी दुसरा आणि ‘कॉलिंग कार्ड’ तिसरा. या तिसऱ्या क्रमांकाचे विशेष असे की एकानेही ‘कॉलिंग कार्ड’ला पहिले स्थान दिले नव्हते, पण एकानेही त्याला पाचव्याच्या खाली ढकलले नव्हते. उलट दोघांचा सर्वांत लाडका ‘ड्यूस’ बाकीच्यांच्या सातव्या-आठव्या क्रमांकांमुळे ‘लाइव्ह इन युरोप’च्याही मागे, पाचव्या स्थानावर गेला. गुणांच्या या पद्धतीत सर्वांना आवडणारा अल्बम काहींच्या जिवाभावाच्या अल्बमला मागे टाकतो. ‘ड्यूस’वाल्यांना ते लागले आणि त्यांचे लागणे मला योग्य वाटते. ‘कॉलिंग कार्ड’ तिसरा यावा याचा मला मात्र मनापासून आनंद झाला. डीप पर्पलच्या रॉजर ग्लोव्हरने निर्मितीत हात दिलेला हा १९७६ चा अल्बम म्हणजे त्या चौघांच्या बँडचे त्या काळात प्रसिद्ध झालेले स्टुडिओतले शेवटचे काम आहे, आणि शीर्षकगीतात लू मार्टिनचा पियानो जॅझच्या वाटेने जातो तिथे रोरी त्याला पूर्ण मोकळीक देतो. दुसऱ्याला वाव देण्याचा हा गुण गिटारच्या कौतुकात झाकला जातो.

‘अगेन्स्ट द ग्रेन’ सहावा आला. लेड बेलीचे ‘आउट ऑन द वेस्टर्न प्लेन’ त्यात आहे. ते अमेरिकेतल्या गुराख्यांचे गाणे रोरीने गिटारच्या तारा वेगळ्या लावून असे काही वाजवले आहे की टेक्सासची कुरणे आणि आयर्लंडचा पश्चिम किनारा एकाच स्वरात ऐकू येतात. आमच्या पुष्कळ ऐकण्यांत हे गाणे संपल्यावर कोणीतरी ते पुन्हा लावायला सांगत असे, आणि न थांबता ऐकण्याची अट तेवढ्यापुरती मोडली जात असे.

मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते शेवटच्या दोन अल्बमांविषयी. १९८२ च्या ‘जिंक्स’नंतर रोरीचा पुढचा स्टुडिओ अल्बम यायला पाच वर्षे लागली. त्याची तब्येत ढासळत होती, संगीताची हवा बदलली होती, आणि चाहत्यांच्या गप्पांतही १९८० नंतरचा रोरी सहसा येत नाही. आमच्या कच्च्या याद्यांत ‘डिफेंडर’ आणि ‘फ्रेश एव्हिडन्स’ जवळपास सर्वांच्या तळाशी होते. सालवार ऐकत त्यांच्यापर्यंत पोहोचल्यावर चित्र पालटले. १९८७ च्या ‘डिफेंडर’मधले ‘लोनशार्क ब्लूज’ हे कर्जात अडकलेल्या कष्टकऱ्याचे गाणे आहे; सावकार दारात उभा आहे आणि सोलोची हौस करायला वेळच नाही, असा त्याचा घाट आहे. त्याच अल्बममधले ‘काँटिनेंटल ऑप’ रहस्यकथाकार डॅशिएल हॅमेटच्या गुप्तहेराला उद्देशून आहे. १९९० च्या ‘फ्रेश एव्हिडन्स’मध्ये मार्क फेल्टमचा माउथ ऑर्गन आहे, झायडेको या संगीतप्रकारातल्या क्लिफ्टन शेनिएला वाहिलेल्या ‘द किंग ऑफ झायडेको’मध्ये अकॉर्डियन आहे, आणि जुना ब्लूज गायक सन हाउस याचे ‘एम्पायर स्टेट एक्स्प्रेस’ रोरी पुन्हा एकट्याने गातो. आवाज जाड झाला आहे, वेग कमी झाला आहे, आणि ‘घोस्ट ब्लूज’मध्ये तो मिनिटांमागून मिनिटे एकाच भावात राहतो. तरुण रोरी हे करू शकला नसता.

गिटारशिक्षक मित्राची कसोटी इथे फार उपयोगी पडली. ‘फ्रेश एव्हिडन्स’मधली बहुतेक गाणी सोलोवाचून नुसती टिकली नाहीत, तर त्यांना सोलोची वाट पाहायलाच लागली नाही. सर्वांच्या बेरजेत हा अल्बम आठव्या स्थानापर्यंत चढला, ‘टॉप प्रायॉरिटी’च्या आणि ‘फोटो-फिनिश’च्या वर. माझ्या स्वतःच्या यादीत तो चौथा आहे, ‘अगेन्स्ट द ग्रेन’ आणि ‘ड्यूस’ या दोघांच्याही आधी, आणि यावर कॉर्कचा मित्र अजून माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो की मी शेवटच्या अल्बमला त्याच्या शेवटचेपणाचे गुण देतो आहे. मी त्याला ‘एम्पायर स्टेट एक्स्प्रेस’ आणि ‘अ‍ॅज द क्रो फ्लाइज’ ही दोन्ही एकामागून एक ऐकायला सांगितली आहेत. दोन्हींत एकटा रोरी, मध्ये सोळा वर्षे. तो अजून जुन्यालाच झुकते माप देतो आणि मी नंतरच्याला. ‘जिंक्स’ मात्र सर्वांनुमते चौदावा राहिला, जरी त्यातले ‘इझी कम, इझी गो’ हे एक गाणे मी कोणत्याही यादीत अल्बमच्या नशिबाबाहेर काढून वर ठेवीन.